दगडाची तिरडी

माझा दगड तुटला तो मंगळवारी, सकाळच्या कॉफीला दहा मिनिटं असताना. कॅथेड्रलच्या एका कळसावर बसवायचं दगडी फूल होतं, माझ्या छातीइतकं उंच, आणि त्याच्या शेवटच्या पाकळीची मागची बाजू मी टाकीने साफ करत होते. मागची बाजू खालून कुणालाही दिसत नाही. पण ज्या जुन्या फुलाच्या जागी हे बसणार होतं, ते सातशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने मागूनही पुढच्याइतकंच घोटून ठेवलं होतं. त्याने घोटलं म्हटल्यावर मलाही घोटणं भाग होतं. टाकी हलकेच लावली आणि देठाच्या वरचा सगळा भाग आडवा सरकून खाली आला. आत मातीची शीर होती, बोटभर जाड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाच महिन्यांचं काम होतं. मी टाकी पुसली, जागेवर ठेवली आणि कॉफी प्यायला गेले.

"आनेग्रेट, काहीतरी पडल्याचा आवाज आला," झेवरिन म्हणाला. हा आमच्या कारखान्यातला सगळ्यात वाह्यात माणूस, आणि नक्षीकामात सगळ्यात चांगला.

"फूल पडलं," मी म्हणाले. "दूध दे जरा."

तो दूध द्यायचं विसरला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. बाईने आता रडावं, शिव्या द्याव्यात, हातोडा फेकावा, असं काहीतरी त्यांना हवं होतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

माझा नवरा लोथार एप्रिलमध्ये गेला, आणि तेव्हापासून मला काही वाटत नाही. ही तक्रार नाही, जसं आहे तसं सांगते आहे. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तशी मी अख्खी झाले होते. नवव्या दिवशी कामावर आले. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे. लोकांना काहीही वाटतं.

आमच्या कारखान्यात खाणीतून आलेला दगड पारखायचं काम माझं. दगड वाजवून बघायचा असतो. हातोडीने टिचकी मारली की चांगला दगड खणखणीत वाजतो, आत चीर किंवा माती असली की बद्द. वाईट निघाला तर पारखणाऱ्याने "मेला" म्हणायचं आणि खडूने फुली मारायची. चांगला असेल तर काहीच बोलायचं नाही, पुढच्या दगडाकडे जायचं. न बोलणं म्हणजे पास. कॅथेड्रलचा पाया घातला त्या दिवसापासून ही रीत आहे म्हणतात. मला हे हेरिबर्ट मिस्त्रींनी शिकवलं, आणि माझा कान त्यांच्यापेक्षा तिखट निघाला हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

लोथार ताऱ्यांचा माणूस होता. म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचा. तारा जळून संपला की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने आत दाबला जातो, इतका, की आमचं अख्खं कॅथेड्रल पायासकट वाळूच्या एका कणात मावेल. वरचं कवच पोलादाहून कितीतरी कठीण. त्याच्या खाली पदार्थाचे आधी गोळे होतात, मग शेवया, मग पोळ्यांसारखे थर. शास्त्रज्ञांनी त्याला नावंही खाण्याचीच दिली आहेत, बहुधा जेवणाच्या सुट्टीत. त्याखाली एक द्रव, एकदा फिरवला की कशालाही न घासता फिरतच राहणारा. आणि मधोमध काय आहे ते कुणालाच माहीत नाही. अणूच्या आतले कणही तिथे फुटून त्यांचा भुगा मोकळा फिरत असेल, असं लोथारला वाटायचं. असा पदार्थ दुसरीकडे कुठेच नाही. तो कुणी बघितलेला नाही आणि बघायला जाणंही शक्य नाही.

मग कळणार कसं? तारा स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता ठोके देतो. लोथारचा तारा सेकंदाला अकरा द्यायचा. आयफेलच्या डोंगरातल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकडीतून तो ते ठोके वर्षानुवर्षं ऐकत बसायचा. कधीतरी, तीनचार वर्षांतून एकदा, तारा अडखळतो, एकदम किंचित जोरात फिरायला लागतो आणि मग हळूहळू पूर्वपदावर येतो. त्या सावरण्यावरून आत काय दडलंय याचा अंदाज बांधायचा. सव्वीस वर्षांपूर्वी हा माणूस आमच्या कारखान्यात आला तो हेच विचारायला, की न कापता दगडाच्या आतलं तुम्हाला कसं कळतं. मी म्हटलं, वाजवून. तो म्हणाला, "माझा तारा आपणहूनच वाजतो, मला फक्त ऐकायचं असतं. तुमच्यापेक्षा माझं काम सोपं आहे." मग रोजच काहीतरी विचारायला यायला लागला. शेवटी हेरिबर्ट मिस्त्री म्हणाले, "अगं, याच्याशी लग्न कर नाहीतर याला पगार दे."

घरात आमचा एक खेळ होता. लोथारला सर्दीपडसं झालं की तो न्हाणीघरात टबच्या काठावर बसून शर्ट वर करायचा. "वाजवा मिस्त्रीणबाई. पास की मेला?" मी बोटाच्या पेराने पाठीवर टकटक करायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मागून तो "पास!" म्हणायचा आणि शर्ट खाली ओढायचा.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तो असाच बसला. जिने चढताना धाप लागत होती. पण ऑक्टोबरमध्ये त्याचा तारा अडखळला होता, आजवर कधी अडखळला नव्हता इतका, आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तबकडी त्याला मिळाली होती. तारा सावरतो कसा हे त्याच तीन महिन्यांत बघायचं होतं. पुन्हा संधी कधी आली असती कोण जाणे.

मी वाजवलं. डावी बाजू साफ. उजवीकडे, खांद्याच्या फऱ्याखाली, बद्द. मी अजून खाली वाजवलं. बद्द.

"काय म्हणतोय दगड?" त्याने विचारलं. पाठमोरा होता, पण हसतोय हे कळत होतं.

मी समोरच्या फरशीकडे बघत राहिले. मला तो शब्द म्हणता आला नाही. दुसरा कुठला सुचलाही नाही. "पास," तो म्हणाला, शर्ट खाली ओढला आणि डोंगरावर न्यायचे जाड मोजे शोधायला गेला.

मार्चमध्ये त्याच्या फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं. पाण्यामागे काय होतं तेही तेव्हा कळलं. एप्रिलमध्ये सगळं आटोपलं. मी डॉक्टरांना विचारलं, "नोव्हेंबरमध्ये आलो असतो तर?" ते म्हणाले, असे प्रश्न स्वतःला विचारून त्रास करून घेऊ नये. मी स्वतःला विचारलंच नव्हतं. त्यांना विचारलं होतं.

आमची मुलगी मारेन तासाभरावरच्या गावात शाळेत गाणं शिकवते. दर रविवारी फोन करते आणि फोन ठेवण्याआधी म्हणते, "आई, कुणालाच कळलं नसतं." मी म्हणते, "हो." जवळजवळ सात महिने मी हेच "हो" म्हणत आले होते. तिला खरं सांगायचं होतं. दर रविवारी सांगायचं होतं, आणि दर रविवारी मी भांडी घासायला जायचे.

तुटलेल्या दगडाला आमच्यात बर्नहार्ड म्हणतात. का ते विचारू नका, जुनं आहे. बर्नहार्डला नुसतं फेकून द्यायचं नसतं. त्याची रीतसर अंत्ययात्रा निघते. चार जणांनी तिरडी उचलायची, ज्याच्या हातून दगड गेला त्याने काळे कपडे घालून, घरचं माणूस गेल्यासारखं मागून चालायचं. कारखान्यामागच्या खड्ड्यापाशी त्याला विचारतात की दोष कुणाचा, आणि त्याने सगळ्यांसमोर सांगायचं. तिथे खोटं बोललं तर पुढचा दगडही तुटतो, असं आमचे लोक मानतात. मग बिअर आणि केक. घरच्यांनाही बोलावतात. दिवस मजेत जातो.

बुधवारी हेरिबर्ट मिस्त्रींनी मला आत बोलावलं.

"या वेळी राहू दे," ते म्हणाले.

"काय राहू दे?"

"यात्रा. दगड गुपचूप खड्ड्यात टाकू."

"का?"

"का म्हणजे? सात महिने झाले नाहीत अजून, आणि तुला काळे कपडे घालून तिरडीमागून चालवू? माणूस आहे मी."

"मागच्या वर्षी झेवरिनला चालवलंत. त्याच आठवड्यात त्याची बायको सोडून गेली होती."

"झेवरिनला त्यात मजा आली."

"रीत सगळ्यांना एकच, मिस्त्री."

"हट्टी आहेस तू. आधीपासूनच हट्टी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दगड घेतलास तेव्हा वाजवला होतास ना?"

"वाजवला होता."

"मग?"

"मग काही नाही. दुपारी काय खायचं याचा विचार करत होते."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मी दारापाशी जाऊन म्हणाले, "मारेनला बोलावते. घरच्यांना बोलवायची पद्धत आहे." हे मी ठरवून म्हटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तोंडातून गेलं.

शुक्रवारी दोन वाजता मारेन आली. अंगावर एप्रिलमध्ये घातलेला तोच काळा कोट, हातात वर साखर-लोण्याचा चुरा घातलेल्या केकचं ताट. हा केक आमच्याकडे अंत्यविधीलाच होतो.

"कोट एकच आहे गं माझ्याकडे," तिने आधीच सांगून टाकलं. "चालेल ना?"

"दगडाला चालेल," मी म्हणाले.

झेवरिनने दोन बांबूंना सिमेंटची पोती बांधून तिरडी केली होती, वर देवदारच्या फांद्या, आणि स्वतःच्या गळ्यात पाद्र्याची कागदी पट्टी. तिरडीवर नुसता वरचा तुकडा ठेवला होता, अख्खं फूल उचलायला क्रेन लागली असती. "मयताने शेवटपर्यंत जेवण कमी केलं नाही," तो उचलणाऱ्यांना म्हणाला. "तेव्हा कंबर सांभाळा. एकाच खड्ड्यात दोघांची सोय नाही." लोक हसले, मग माझ्याकडे बघून थांबले.

"हसा की," मी म्हणाले. "मी काही बोलले का?"

तेवढ्यात मारेनने पिशवीतून एक अंक काढला. "आई, बाबांचा शेवटचा लेख छापून आला. काल त्यांच्या संस्थेतून पाठवला." ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती, तिच्या शाळेतल्या आवाजात. "त्यातलं बाकी मला ओ की ठो कळत नाही, पण शेवटी आभार मानलेत ते वाचते. ऐका. 'सर्वात शेवटी माझी पत्नी आनेग्रेट हिचे आभार. नोव्हेंबरमध्ये तिने मला वाजवून पाहिले आणि पास केले, म्हणून ही निरीक्षणे पूर्ण होऊ शकली.'"

"वा," कुणीतरी म्हणालं.

"पास केलं म्हणजे काय पण?" मारेनने विचारलं.

"अगं, तुझी आई दगड पारखते तसं," झेवरिनने समजावलं. "टकटक करायचं. मेला असेल तर बोलायचं, धड असेल तर गप्प बसायचं. म्हणजे हिने त्याला टकटक केलं आणि गप्प बसली."

मारेन हसली आणि डोळे पुसले. "किती गोड आहे हे. आणि मला कधी बोलली नाहीस तू."

सगळे हसत होते. हेरिबर्ट मिस्त्री तेवढे हसत नव्हते. नोव्हेंबर आणि एप्रिल यांच्यामध्ये किती महिने आहेत हे त्यांना कळत होतं, आणि माझा कान कसा आहे हेही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग मान वळवून म्हणाले, "उचला."

यात्रा निघाली. अंगण ओलांडलं, कॅथेड्रलच्या भिंतीला वळसा घातला. एका प्रवासी जोडप्याने आमचे फोटो काढले, मग काय चाललंय ते न कळून मोबाईल खिशात ठेवला. मी तिरडीमागून चालत होते, शेजारी मारेन, केकचं ताट दोन्ही हातांत धरून. एप्रिलमध्येही ती माझ्या शेजारून अशीच चालली होती, तेव्हा तिच्या हातात फुलं होती. मी तेव्हा शवपेटीच्या लाकडाचे जोड बघत होते, आणि जोड वाईट होते.

खड्ड्यापाशी तिरडी थांबली. झेवरिनने घसा साफ केला आणि जुना प्रश्न विचारला.

"दोष कुणाचा? दगडाचा, हत्याराचा, की माणसाचा?"

"माझा," मी म्हणाले. "मी वाजवला, पण ऐकलं नाही."

"आमेन," सगळे म्हणाले. बाटल्यांकडे हात गेले.

"थांबा, संपलं नाही."

मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. छान फुटला. बाजारात भाव विचारावा तसा.

"हा मी ऐकला नाही. पण याच्या आधीचा ऐकला होता. लोथारच्या पाठीत, उजव्या बाजूला. नोव्हेंबरमध्ये. बद्द वाजत होतं, मी दोनदा वाजवून बघितलं. तो 'काय म्हणतोय दगड' म्हणून विचारत होता आणि मी बोलले नाही. तो पास समजला. तो पास समजणार हे मला माहीत होतं."

झेवरिनने गळ्यातली कागदी पट्टी काढून मुठीत घेतली. तिरडी अजून चौघांच्या हातांत होती, आणि पुढच्या बाजूने खाली झुकायला लागली होती.

"खाली ठेवा," मिस्त्री हळूच म्हणाले.

मारेनने केकचं ताट जमिनीवर ठेवलं, नीट, सपाट जागा बघून, आणि फाटकातून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. तिची गाडी नदीकडच्या रस्त्याला लावलेली होती. ती गाडीला टेकून उभी होती, किल्ली हातात, दार न उघडता.

"ते छापलंय, आई," ती म्हणाली. "बाबांनी तुझे आभार मानलेत, आणि ते जगभर गेलंय. मी आत्ता सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं."

"हो."

"हो म्हणू नकोस मला." तिने कोटाची बटणं लावायला घेतली, ती आधीच लावलेली होती. "इतके महिने मी तुला सांगते आहे की कुणालाच कळलं नसतं. दर रविवारी. आणि तू हो म्हणतेस."

"हो म्हणत होते."

"का नाही बोललीस त्यांना?"

"त्याला ते तीन महिने हवे होते. तारा—"

"ताऱ्याचं नको सांगूस."

"नाही. ते खरं नाही. तसं मी नंतर ठरवलं," मी म्हणाले. "वाईट निघाला की मेला म्हणायचं असतं. तो शब्द मला त्याला म्हणता आला नाही. घाबरले मी."

"मेला कशाला म्हणायला हवं होतं?" मारेन म्हणाली. ओरडली नाही, तिला खरंच प्रश्न पडला होता. "डॉक्टरकडे जाऊन ये, म्हणायचंस. लोक म्हणतात की आपल्या घरच्यांना. डॉक्टरकडे जाऊन ये. एवढंच, आई."

मी तिच्याकडे बघितलं. वर्षभरात हे वाक्य माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. शप्पथ सांगते, एकदाही नाही. एक तर गप्प बसायचं नाहीतर तो शब्द, यापलीकडे काही असतं हे मला सुचलंच नव्हतं. तीस वर्षं दगड पारखले, आणि नवराही तसाच पारखून मोकळी झाले.

"तू बोललीस," ती म्हणाली. "खड्ड्यात टाकलंस आणि सुटलीस. मी आता हे कुठे नेऊ?"

"सुटले नाही."

"मग?"

कुठूनतरी खालून काहीतरी वर यायला लागलं होतं, आणि ते काय आहे हे मला आधी ओळखता आलं नाही. मी गाडीचा आरसा धरला.

मारेनने दार उघडलं. "बस," ती म्हणाली. "आणि सांग. पहिल्यापासून. ते कुठे बसले होते, काय म्हणाले, तू कुठे हात ठेवलास. काही गाळायचं नाही."

मी बसले. ती दुसऱ्या बाजूने येऊन बसली, पण गाडी सुरू केली नाही. मी सांगायला लागले. टबचा काठ, निळा शर्ट, डावी बाजू साफ होती ते. उजव्या बाजूला आले तेव्हा मला त्याची पाठ आठवली. आवाज नाही, नुसती पाठ. ती गरम होती. इतके महिने मला ते आठवलं नव्हतं. मग मी रडायला लागले, आणि ते रडणं कसलं, कुणीतरी छातीवर गुडघा टेकून बसल्यासारखं सगळीकडे दुखत होतं, दात, हात, कान, सगळं. मी तिच्याकडे बघून हात वर केला, थांब म्हणून.

मारेनही रडत होती. तिने माझा हात धरला आणि खाली ठेवला.

"पुढे," ती म्हणाली.